लडाखच्या थंडीत हिरवी भाजी

आपल्याकडे हिवाळा म्हणजे भाजीचा हंगाम. मेथी, पालक, मटार याच दिवसांत स्वस्त होतात. लडाखमध्ये मात्र उलट. लेह सुमारे 11,500 फूट उंचीवर आहे. हिवाळ्यात रात्री तिथला पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरतो. उघड्या शेतात भाजी येते ती साधारण मे ते सप्टेंबर. पुढे बर्फाने घाटरस्ते बंद झाले की पूर्वी वाळवलेल्या भाज्या आणि जमिनीत पुरून ठेवलेले बटाटे, गाजर, सलगम यांवरच घर चालायचे.

पण लडाखमध्ये हिवाळ्यातही ऊन चांगले पडते. ते धरून ठेवण्याचे दोन मार्ग तिथे रुजले आहेत.

पहिला खंदकाचा. सुमारे 3 फूट खोल चर खणून तळाशी पेरणी करतात आणि वर प्लास्टिकचा कागद ताणतात. आतली माती बाहेरच्या हवेइतकी गार पडत नाही.

दुसरा हरितगृहाचा. दक्षिणेकडे पारदर्शक कागद. उरलेल्या तीन बाजूंना कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत पेंढा. भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब परत देते. वीज नाही, सरपण नाही, तरी ऐन हिवाळ्यात पालक, मेथी, कोथिंबीर ताटात येते.

खरे काम मात्र रोजचे आहे. सूर्य कलण्याआधी झरोके बंद करून कागदावर घोंगडी किंवा ताडपत्री ओढायची. सकाळी ऊन आले की ती काढायची. दुपारी झरोके उघडायचे, नाहीतर दमट हवा कोंडून पानांवर रोग येतो. एखादी संध्याकाळ विसरली, तर कोवळी रोपे एका रात्रीत गारठतात. पेरणीही कडाका पडण्याआधी उरकावी लागते, कारण दिवस लहान झाले की रोपांची वाढ मंदावते.

वर्गात उष्णतेचा धडा शिकवताना आम्ही हेच उदाहरण देतो. ऊब सूर्याने दिलेलीच आहे. माणसाने ती फक्त निसटू दिली नाही.

तुम्हीही घरी मुलांना हे दाखवू शकता. एक वीट आणि पत्र्याचे एक झाकण दिवसभर उन्हात ठेवा. मगरिबनंतर दोन्हींना हात लावायला सांगा. लडाखची भिंत विटांची का, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.