छाटणीचे बिल ट्रॉल्या मोजून नको, झाड पाहून द्या

१४ जुलै २०२४ रोजी इंदूरच्या रेवती रेंजवर चोवीस तासांत १२ लाखांहून अधिक रोपे लागली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आम्हालाही आनंद झाला. पण त्याच जिल्ह्यातल्या आपल्या मानपुरात आजोबा-पणजोबांच्या वेळची चिंच, कडुनिंब, पिंपळ उभे आहेत, त्यांची नोंद कोण ठेवतो?

दर पावसाळ्यापूर्वी तारांखाली छाटणी होते. ती हवीच. वादळात फांदी तारेवर पडून कुणाचा जीव जावा असे कोण म्हणेल? आमचा विरोध छाटणीला नाही, मुंडणाला आहे. मांडीएवढ्या फांद्या मधूनच तोडायच्या, वर नुसते खुंट ठेवायचे आणि ट्रॉल्या भरून न्यायच्या, ही छाटणी नव्हे.

यावर ठरलेले उत्तर मिळते, "दोन महिन्यांत पुन्हा हिरवे होते की!" वाचकहो, ते हिरवेपण आरोग्याचे नाही. पाने गेली म्हणजे झाडाची कमाई बंद झाली. मग ते साठवलेली ठेव मोडून धुमारे फोडते. हे धुमारे खुंटाच्या कडेला वरवर चिकटलेले असतात. खाली खुंट कुजत जातो, वर धुमारे जाड होतात आणि काही वर्षांनी तेच मोडून रस्त्यावर येतात. शिवाय ते सरळ तारांकडे धावतात, म्हणजे पुन्हा छाटणी, पुन्हा बिल.

चांगली छाटणी ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. चार गोष्टी पाहा.

पहिली, आकार. वीस-पंचवीस पावले मागे सरून बघा. झाड आधीपेक्षा लहान दिसावे, पण तेच झाड दिसावे. कडेला बारीक डहाळ्या आणि पाने असावीत, खुंट नव्हेत. एकाच बाजूला भार राहिला असेल तर काम बिघडले.

दुसरी, फांदी कुठे आखूड केली. काप जिवंत उपफांदीपाशीच हवा आणि ती उपफांदी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. तरच ती पुढचा कारभार सांभाळते.

तिसरी, काप कसा आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर वळा असतो. त्याच्या लगत बाहेरून कापावे. खुंटी ठेवू नये आणि वळाही तासू नये. जड फांदीला आधी खालून खाच द्यावी, नाहीतर साल खोडापर्यंत सोलली जाते.

चौथी, प्रमाण. एका वेळी पाव हिश्श्याहून अधिक पालवी काढू नये. जुन्या झाडाची तर त्याहून कमी.

कापाला डांबर फासले म्हणजे सगळे भरून निघाले असेही समजू नका. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून दाखवले की झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. झाड ती आत कोंडून टाकते आणि भोवती नवे लाकूड वाढवते. जखम जितकी मोठी, तितके हे अवघड. लेप लावून कूज थांबत नाही.

बँकेत शंभर रुपयांच्या चेकवरही सही जुळवून पाहतात. मग शंभर वर्षांच्या झाडावरचे काम न पाहता पैसे कसे निघतात? जितक्या ट्रॉल्या तितके काम, असा हिशेब असेल तर कंत्राटदार जास्तच तोडणार. दोष एकट्या कुऱ्हाडीवाल्याचा नाही, असा हिशेब मान्य करणाऱ्याचाही आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोणती फांदी किती मीटर आखूड करायची हे कामाच्या आदेशात लिहा. छाटणीआधी आणि नंतर एकाच जागेवरून फोटो घ्या. वॉर्डातल्या दोन नागरिकांसमोर पाहणी झाल्याशिवाय बिल मंजूर करू नका. तोपर्यंत आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या दारासमोरच्या झाडाचा फोटो आजच काढून ठेवावा. मत मागायला येणाऱ्यांना पहिल्यांदा तोच दाखवू. रोप लावणाऱ्याचे कौतुक जरूर करू, पण उभे झाड ज्याच्या कारकिर्दीत खुंट झाले, त्याला जाबही विचारू.