डोंगरपाड्यावरचे प्रशिक्षण आणि वनहक्कांचा निवाडा

भारतीय प्रशासकीय सेवेत नव्याने दाखल झालेला अधिकारी प्रशिक्षणाच्या काळात एखाद्या आदिवासी डोंगराळ भागात काही दिवस मुक्काम करतो, ही बाब सहसा बातमीचा विषय होत नाही. गावकऱ्यांसमवेत झाडाखाली बसून चर्चा होते, आश्रमशाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला भेट दिली जाते, अहवाल लिहिला जातो आणि मुक्काम संपतो. मात्र, प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर हाच अधिकारी बहुधा एखाद्या उपविभागाचा प्रमुख होतो आणि त्या नात्याने वनहक्क दाव्यांची छाननी करणाऱ्या उपविभागस्तरीय समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे येते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एखाद्या कुटुंबाच्या नावावर होणार की त्याचा दावा फेटाळला जाणार, याचा मार्ग त्याच्या शेऱ्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो. डोंगरपाड्यावरील या अल्प मुक्कामाकडे गांभीर्याने पाहण्याची गरज आहे, ती या कारणाने.

प्रशिक्षणाची सर्वसाधारण रचना अशी आहे. मसुरी येथील लालबहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमीत पायाभूत अभ्यासक्रम होतो. त्यात हिमालयातील पदभ्रमण आणि एखाद्या खेड्यातील सुमारे आठवडाभराचा मुक्काम यांचा समावेश असतो. पुढील टप्प्यात 'भारत दर्शन' या अभ्यासदौऱ्यात सैन्यदले, सार्वजनिक उपक्रम, नगरपालिका, स्वयंसेवी संस्था आणि आदिवासी क्षेत्र अशा विविध ठिकाणी अधिकाऱ्यांना नेले जाते. त्यानंतर सुमारे वर्षभराचे जिल्हा प्रशिक्षण असते. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोलीस, वनविभाग, कोषागार आणि न्यायालय अशा प्रत्येक ठिकाणी काही काळ राहून काम समजून घ्यावे लागते. यापैकी बहुतेक काळ प्रशिक्षणार्थी निरीक्षक असतो. निर्णय दुसऱ्याचा असतो. हातात अधिकार नसताना लोकांमध्ये बसण्याची अशी संधी पुढील तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत फारशी मिळत नाही.

या मुक्कामात काय दिसते आणि काय नजरेतून सुटते, हे समजण्यासाठी सातपुड्याचे उदाहरण उपयुक्त ठरते. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या रांगांमध्ये वसलेले असून उत्तरेस नर्मदा नदी आहे. सरदार सरोवर प्रकल्पाने बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे याच परिसरातील आहेत. येथील भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती विखुरलेली आहे. एका टेकडीवर एक घर, पुढच्या उतारावर दुसरे, अशी पाड्यांची रचना असते. महसुली दप्तरात ज्याला एक गाव म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात अनेक पाडे असतात आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाण्यास डोंगर उतरून पुन्हा चढावा लागतो.

त्यामुळे 'गाव' म्हणजे काय, हा येथे पहिला प्रश्न ठरतो. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये संमत झालेल्या पंचायत विस्तार कायद्याने, म्हणजेच 'पेसा'ने, परंपरेने आपले व्यवहार एकत्र पाहणाऱ्या वस्तीला किंवा पाड्यालाही गाव मानले आहे. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम २०१४ मध्ये केले. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा त्यामुळे शक्य झाली. परंतु तालुक्याच्या कार्यालयात बसून नकाशा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पाडा दिसत नाही. त्याला महसुली गाव दिसते. ग्रामपंचायतीच्या इमारतीत भरणारी सभा आणि पाड्यावर भरणारी सभा यांतील अंतर पायी चालून गेलेल्या अधिकाऱ्यालाच उमगते.

दुसरा प्रश्न ऋतूचा आहे. दिवाळीनंतर या भागातील असंख्य कुटुंबे ऊसतोडणी आणि अन्य मजुरीसाठी गुजरातमध्ये आणि महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत स्थलांतर करतात. होळीला ती परततात. होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार आणि काठी येथील होळी ही या परतीची ठळक खूण मानली जाते. हिवाळ्यात आलेल्या प्रशिक्षणार्थीला पाड्यावर प्रामुख्याने वृद्ध आणि लहान मुले भेटतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांची वेचणी सुरू असते, तर उन्हाळ्यात कैऱ्या वाळवून आमचूर तयार केला जातो. पावसाळ्यात ओढे-नाले भरून वाहू लागले की काही पाड्यांचा संपर्क तुटतो आणि रुग्णाला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. रस्ते कोरडे आणि हवा सुखद असताना झालेल्या भेटीत यातील काहीच दिसत नाही. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८० च्या दशकातच या दोषाकडे लक्ष वेधले होते. बाहेरून आलेला पाहुणा डांबरी रस्त्याच्या कडेची गावे कोरड्या ऋतूत पाहतो आणि त्यावरून ग्रामीण दारिद्र्याचे चित्र रंगवतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

तिसरा प्रश्न भाषेचा. प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्याला ज्या राज्याचे संवर्ग मिळते, त्या राज्याची भाषा शिकावी लागते. महाराष्ट्रात तो मराठी शिकतो, ओडिशात ओडिया. परंतु सातपुड्यातील पाड्यावर भिली किंवा पावरी बोलली जाते, गडचिरोलीत गोंडी, तर दक्षिण ओडिशाच्या डोंगरांत कुई. २०११ च्या जनगणनेत भिली भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक नोंदली गेली. आठव्या परिशिष्टाबाहेरील भाषांमध्ये ती सर्वांत मोठी आहे. तरीही अशा भाषांचे शिक्षण प्रशिक्षणाचा अनिवार्य भाग नाही. परिणामी संवाद दुभाष्यामार्फत होतो आणि दुभाषी बहुधा तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक किंवा सरपंच असतो. ज्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार असू शकते, त्याच्याच तोंडून ती ऐकण्याची वेळ येते.

स्वतंत्र भारतात याहून वेगळी पद्धत अमलात आणली गेली होती. १९५० च्या दशकात ईशान्य सीमांत प्रदेशासाठी, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशासाठी, भारतीय सीमांत प्रशासन सेवा निर्माण करण्यात आली. त्या काळात मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन या प्रदेशाच्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार होते. अधिकाऱ्यांनी लोकांमध्ये राहावे, पायी दौरे करावेत आणि त्यांची बोली आत्मसात करावी, अशी तेथे अपेक्षा होती. १९६८ मध्ये ही सेवा भारतीय प्रशासकीय सेवेत विलीन झाली. स्वतंत्र सेवेची आज कोणी मागणी करणार नाही. परंतु तिच्यामागील धारणा कालबाह्य झालेली नाही.

या त्रुटींचे परिणाम कोठे दिसतात, हे वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीवरून स्पष्ट होते. २००६ च्या या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. तेथून तो उपविभागस्तरीय आणि पुढे जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुरावा म्हणून केवळ सरकारी कागद ग्राह्य धरावा, असे कायदा म्हणत नाही. शेताचे बांध, सपाटीकरण, विहीर, जुने घर, दफनभूमी, देवस्थान, वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब हे सर्व पुरावे नियमांना मान्य आहेत. सातपुड्यातील अनेक वनगावांची दीर्घकाळ महसुली मोजणीच झालेली नव्हती. तेथे जुना सातबारा मागणे म्हणजे शासनाने कधी दिलाच नाही तो कागद मागण्यासारखे आहे.

२०१२ मध्ये या नियमांत सुधारणा करण्यात आली. ग्रामसभेचा ठराव अपूर्ण वाटल्यास समितीने दावा थेट न फेटाळता फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, तसेच निर्णय विरोधात गेल्यास त्याची कारणे दावेदाराला कळवावीत, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. प्रत्यक्षात या तरतुदी किती पाळल्या गेल्या, हा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ऐरणीवर आला. ज्यांचे दावे फेटाळले गेले, त्यांना वनजमिनीवरून हटवण्याबाबतचा आदेश न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. अकरा लाखांहून अधिक दाव्यांचा संदर्भ त्यामागे होता. देशभर चिंता व्यक्त झाल्यानंतर २८ फेब्रुवारी रोजी न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली आणि दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली गेली का, याची माहिती राज्यांकडून मागवली. २०२५ पर्यंत देशभरात सुमारे ५१ लाख दावे दाखल झाले. सुमारे २५ लाख हक्कपत्रे वितरित झाली, तर १८ लाखांहून अधिक दावे फेटाळले गेले. या प्रत्येक दाव्यामागे एक कुटुंब किंवा एक ग्रामसभा आहे.

फेटाळलेला प्रत्येक दावा अन्यायकारकच होता, असे म्हणता येणार नाही. काही दावे निकषांत बसणारे नव्हते आणि वनांचे रक्षण हीदेखील प्रशासनाची जबाबदारी आहे. परंतु बांध किती जुना आहे, हे शेतात उभे राहून पाहिलेला अधिकारी आणि केवळ उपग्रह छायाचित्र व कागदांची यादी तपासणारा अधिकारी यांच्या निर्णयांत फरक पडणे स्वाभाविक आहे. तो फरक अनुभवाचा असतो आणि त्याची पायाभरणी प्रशिक्षणकाळात होऊ शकते.

ग्रामसभेचे म्हणणे गांभीर्याने घेतल्यास काय घडते, याचे उदाहरण ओडिशातील नियामगिरीने घालून दिले. बॉक्साइट उत्खननाच्या प्रस्तावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला आणि डोंगरिया कोंध समाजाच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांतील १२ गावांत न्यायालयीन अधिकाऱ्याच्या उपस्थितीत सभा झाल्या. बाराही गावांनी उत्खननास नकार दिला. या सभांचे कामकाज नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना लोकांच्या बोलीतील म्हणणे प्रशासनाच्या भाषेत जसेच्या तसे उतरवायचे होते. डोंगराळ भागातील प्रशिक्षणाने नेमके हेच कौशल्य द्यायला हवे.

या मार्गात अडचणीही आहेत. छत्तीसगडमधील बस्तर, ओडिशातील मलकानगिरी, महाराष्ट्रातील गडचिरोली या भागांत सुरक्षेच्या कारणास्तव अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांवर अनेक वर्षे मर्यादा होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये मलकानगिरीचे जिल्हाधिकारी आर. विनील कृष्णा यांचे आणि एप्रिल २०१२ मध्ये सुकम्याचे जिल्हाधिकारी ॲलेक्स पॉल मेनन यांचे माओवाद्यांनी अपहरण केले होते. दोघेही दुर्गम गावांच्या दौऱ्यावर असताना या घटना घडल्या. मेनन यांच्या सुटकेसाठीच्या वाटाघाटींत माओवाद्यांच्या वतीने मध्यस्थ म्हणून माजी सनदी अधिकारी बी. डी. शर्मा यांचे नाव पुढे आले. एकेकाळी बस्तरचे जिल्हाधिकारी राहिलेल्या शर्मा यांनी आदिवासींच्या स्वशासनासाठी दीर्घकाळ काम केले होते. गेल्या काही वर्षांत हिंसाचार लक्षणीयरीत्या घटला आहे. सुरक्षेमुळे बंद असलेले रस्ते खुले होत असताना प्रशिक्षणाची आखणीही त्यानुसार बदलणे शक्य आहे.

अभ्यासक्रमावरील ताण हा दुसरा मुद्दा आहे. निवडणुका, कायदा व सुव्यवस्था, आपत्ती व्यवस्थापन, लेखा आणि महसूल अशा अनेक विषयांची तयारी दोन वर्षांत करून घ्यायची असते. प्रत्येकाला महिनोन्‌महिने एका पाड्यावर ठेवणे व्यवहार्य नाही. मात्र, उपलब्ध दिवसांचा वापर अधिक नेमकेपणाने करता येईल. एकाच पाड्याला हिवाळ्यात आणि पुन्हा पावसाळ्यात भेट देणे, मुक्काम विश्रामगृहाऐवजी वस्तीवर करणे, दुभाषी म्हणून गावातील शिकलेल्या युवक-युवतींची मदत घेणे आणि ग्रामसभेत केवळ श्रोता म्हणून बसणे, यासाठी वेगळ्या निधीची फारशी आवश्यकता नाही. त्याच पाड्यातील फेटाळलेल्या दाव्यांच्या संचिका वाचून त्या जमिनी प्रत्यक्ष पाहणे, हा तर या प्रशिक्षणाचा गाभाच व्हायला हवा. लिहिलेला अहवाल अकादमीपुरता न राहता त्या ग्रामसभेत वाचून दाखवला गेला, तर त्यातील चुका लोकच दुरुस्त करतील.

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केलेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात सुमारे ६३ हजार गावांचा समावेश असून त्यासाठी ७९ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद आहे. वनहक्क दाव्यांच्या कामासाठी विशेष कक्षांना साहाय्य देण्याची तरतूदही त्यात आहे. निधी आणि योजना यांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. योजना कोणत्या पाड्यापर्यंत पोहोचली आणि कोणाचा दावा का अडला, हे पाहू शकणाऱ्या अधिकाऱ्याची गरज मात्र कायम आहे.

सातपुड्यातील तळोद्यासारख्या ठिकाणी सहायक जिल्हाधिकारी आणि आदिवासी विकास प्रकल्प अधिकारी ही दोन्ही पदे एकत्रितपणे सांभाळण्याची जबाबदारी नवख्या अधिकाऱ्यांकडे येत असते. रुजू झाल्यानंतर त्यांच्यापुढे दाव्यांच्या संचिकांचा ढीग असतो आणि बदलीपूर्वी मिळणारा कालावधी मर्यादित असतो. पाडा, तेथील ऋतुचक्र आणि वडीलधाऱ्यांच्या जबाबाचे मोल यांची ओळख त्याआधीच झालेली असेल, तर संचिकेतील 'पुरावा अपुरा' या दोन शब्दांवर स्वाक्षरी करण्यापूर्वी अधिकारी एकदा तरी तो डोंगर चढेल. डोंगरपाड्यावरील प्रशिक्षणाचे यश याच कसोटीवर मोजले गेले पाहिजे.