चाक, जीप आणि माळ्यावरची पिशवी

लहान मुलांची पोटदुखी ही आम्हा फॅमिली डॉक्टरांच्या रोजच्या परिचयाची तक्रार. जंत, बद्धकोष्ठता, लघवीतील जंतुसंसर्ग अशी तिची नेहमीची कारणे बहुधा पहिल्या भेटीतच हाती लागतात. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाची पोटदुखी मात्र मला तिसऱ्या भेटीपर्यंत उमगली नाही. उमगली तेव्हा तिचे थोडेसे मूळ माझ्याच एका वाक्यात सापडले. त्या कुटुंबाची संमती घेऊन आणि ओळख पटेल असा तपशील वगळून ती हकिगत आज तुम्हाला सांगतो.

बेंबीभोवती दुखणे, तेही दिवसा. रात्री झोपेतून उठवील असे नाही. वजन घटलेले नव्हते, ताप, उलट्या, शौचातून रक्त यांपैकी काही नव्हते. लघवीची आणि शौचाची तपासणी निर्दोष होती. अशा वेळी आपण शाळेकडे बोट दाखवतो. मीही विचारले, "सुट्टीच्या दिवशी दुखतं का रे?" तो म्हणाला, "रविवारी जास्त दुखतं." मी चकित झालो.

"रविवारी काय खेळतोस?"

"काही नाही."

"आधी काय खेळायचास?"

तो गप्प राहिला. उत्तर आईने दिले. "ठोकळे, डॉक्टर. त्या जोडायच्या गाड्या. पण ते सगळं आता पिशवीत भरून माळ्यावर टाकलंय. धाकट्याच्या नाकातलं चाक तुम्हीच नाही का काढलंत?"

तेव्हा मला आठवले. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या अडीच वर्षांच्या भावाला घेऊन आईवडील आले होते. एकाच नाकपुडीतून येणारा दुर्गंधीयुक्त शेंबूड हे लक्षण दिसले, की नाकात काहीतरी अडकले आहे असे समजून शोध घ्यावा, हे आम्हाला विद्यार्थिदशेतच शिकवलेले असते. नाकाच्या पुढच्याच भागात हरभऱ्याएवढे काळे रबरी चाक दिसले आणि सुदैवाने सहज निघाले. मोठा भाऊ दाराशी उभा होता. चाक चिमट्यात धरून मी त्याला म्हणालो होतो, "दादा, आपली खेळणी आपण सांभाळायची ना! हे श्वासनळीत गेलं असतं तर?"

मी ते बोलून विसरून गेलो. तो विसरला नव्हता. आईला क्षणभर बाहेर बसवल्यावर त्याने मला विचारले, "डॉक्टरकाका, चाक आत गेलं असतं तर तो मेला असता का?"

मी त्याला खरे उत्तर दिले. चाक श्वासनळीत गेले असते तर धोका होता, पण ते नाकात होते आणि वेळेवर निघाले. दोन-अडीच वर्षांची मुले हाती येईल ते नाकातोंडात घालतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणे हे मोठ्या माणसांचे काम, नऊ वर्षांच्या मुलाचे नव्हे. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला जे बोललो, ते चुकलं माझं." तो माझ्याकडे बघत राहिला. मोठ्या माणसाने आपली चूक कबूल करण्याची त्याला फारशी सवय नसावी.

अशी पोटदुखी म्हणजे ढोंग नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्या. मेंदू आणि आतडी यांचे नाते निकटचे आहे. मनावरच्या ओझ्याने आतड्यांची हालचाल आणि संवेदना दोन्ही बदलतात, आणि मुलाला होणारी वेदना खरीच असते. त्या घरात त्याला कोणी मारले नव्हते की रागावले नव्हते. भीतीपोटी, धाकट्याच्या काळजीने, खेळ उचलून माळ्यावर टाकला एवढेच. मुलाने त्याचा अर्थ शिक्षा असा लावला.

खेळ नव्हे, काम

माळ्यावर नेमके काय गेले होते, हे मी त्याला विचारले. तुटलेला पूल, खाली निळ्या ठोकळ्यांची नदी, नदीत मगर आणि अलीकडच्या काठावर थांबलेली लाल जीप. जीपमधल्या दोघांना पलीकडच्या गुहेतला खजिना गाठायचा होता. मे महिन्याच्या सुट्टीपासून तो हा देखावा रचत होता.

आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना देखावा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दगडमातीचा उतार, हळिवाची हिरवळ, बुरुजावरचे मावळे, पायथ्याचे तळे हे सगळे रचताना मूल त्यात एक गोष्टही रचत असते. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी वाहने आणि साहसाची दृश्ये उभारणारे मूल तेच करते.

या ठोकळ्यांत सर्वपरिचित नाव लेगो. डेन्मार्कमधील बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने 1932 मध्ये हा व्यवसाय सुरू केला. 'नीट खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून हे नाव बनले. वर गुंड्या आणि आत नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी 28 जानेवारी 1958 रोजी अर्ज झाला. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्याला अजूनही बसतो. 1962 मध्ये चाके आली आणि घरांबरोबर गाड्याही बनू लागल्या. 1978 मध्ये हातपाय हलवणारी छोटी माणसे आली. 1998 च्या 'अ‍ॅडव्हेंचरर्स' मालिकेत तर टोपीवाला जॉनी थंडर इजिप्तच्या वाळवंटात प्राचीन थडगी शोधत फिरू लागला.

आठ गुंड्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले, तर ते किती प्रकारे जोडता येतील? कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी हिशेब मांडला, तेव्हा उत्तर आले 91,51,03,765. मुलाच्या हाती आपण काय देतो, याची कल्पना या एका आकड्यावरून यावी.

वैद्यकीय नजरेने पाहिले, तर या खेळात बोटांच्या सूक्ष्म हालचाली, डोळे आणि हात यांचा मेळ, वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याची क्षमता आणि पुढच्या पायरीचा विचार यांचा सराव होतो. शिवाय जीपचा आस चुकला, की वीस ठोकळे काढून पुन्हा लावावे लागतात. न रडता मागे जाऊन चूक शोधणे ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

अमेरिकेतील मानसतज्ज्ञ डॅनियल लेगॉफ यांच्याकडे येणारी स्वमग्न मुले एरवी एकमेकांशी बोलत नसत. त्यांपैकी दोघे प्रतीक्षाकक्षात आपापले ठोकळे एकमेकांना दाखवताना त्यांना दिसले. त्यातून त्यांनी एक उपचारपद्धती विकसित केली आणि 2004 मध्ये तिच्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. या पद्धतीत एक मूल आराखडा पाहून सूचना देते, दुसरे हवे ते ठोकळे शोधून देते आणि तिसरे जोडते. एकमेकांशी बोलल्याखेरीज गाडी पूर्ण होत नाही. हीच तीन कामे तुमच्या घरी आजोबा, नात आणि बाबा यांनाही वाटून घेता येतील.

भीती कशाची बाळगावी?

धाकट्याच्या काळजीने खेळ उचलून ठेवणाऱ्या आईवडिलांना मी दोष देत नाही. धोका आहेच, मात्र तो नेमका कुठे आहे, हे कळले पाहिजे.

तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सुटे छोटे भाग देऊ नयेत. सुटा भाग सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावत असेल, तर तो घशात अडकण्याजोगा धरतात. चाके, माणसांची डोकी, टोप्या हे सर्व त्यात मावते. धाकट्यासाठी मोठे ठोकळे वेगळे आणावेत. लेगोचेच 1969 पासूनचे 'डुप्लो' ठोकळे लांबी, रुंदी व उंचीने दुप्पट असतात आणि लहान ठोकळ्यांशी जुळतातही. कोणत्याही कंपनीचे घ्या, खोक्यावर वयाची सूचना आणि आयएसआय चिन्ह पाहा. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर हे चिन्ह बंधनकारक आहे.

गुळगुळीत ठोकळा गिळला गेला आणि मूल व्यवस्थित श्वास घेत असेल, खातपीत असेल, तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो. 2018 मध्ये सहा बालरोग-वैद्यकीय व्यावसायिकांनी लेगोच्या माणसाचे डोके स्वतः गिळून हे तपासले होते. सरासरी 1.71 दिवसांत डोकी बाहेर आली. एकाचे मात्र सापडलेच नाही! ते सहाही जण प्रौढ होते, हे विसरू नका. तुमच्या मुलाने काही गिळले तर डॉक्टरांना दाखवाच.

दिवे लागणाऱ्या आणि आवाज करणाऱ्या गाड्यांतील बटणाच्या आकाराची बॅटरी मात्र जीवघेणी ठरू शकते. अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही ती आतून गंभीर इजा करते. नाकात गेली तरी विलंब चालत नाही. बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले असावे. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे. उलटी करवू नये. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले गेले, तर ते आतड्यांच्या वेटोळ्यांना मध्ये पकडून भोक पाडू शकतात. तिथेही हीच तत्परता हवी.

घशात वस्तू अडकून मुलाला खोकता, बोलता वा रडता येईनासे झाले, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने वस्तू निघाली नाही, तर एक वर्षावरील मुलाच्या मागे राहून बेंबीच्या वर पोटाला आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. एक वर्षाखालील बाळाच्या पोटाला झटके न देता छातीच्या मध्यावर पाच वेळा दाब द्यावा. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करत राहावे आणि दुसऱ्या कोणाला तरी मदत बोलावण्यास सांगावे. दिसत नसलेली वस्तू घशात बोट घालून चाचपू नये. ती आणखी आत जाते. नाकातली वस्तू काढण्यासाठी हेअरपिन, काडी वापरणेही टाळावे.

आणखी दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. घट्ट बसलेले ठोकळे मुले दातांनी सोडवतात आणि दाताचा टवका उडतो. त्यासाठी मिळणारी प्लॅस्टिकची पट्टी डब्यातच ठेवावी. आणि आजीआजोबांना मधुमेह असेल, तर तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. ठोकळ्यावर पाय पडून झालेली जखम त्यांना कळतही नाही आणि ती चिघळते. म्हणून खेळ जुन्या चादरीवर मांडावा. संपला की चारही टोके उचलून सारे डब्यात.

मांडायचे कुठे?

त्या कुटुंबाला मी औषध लिहून दिले नाही. फक्त तीन गोष्टी सुचवल्या. पिशवी माळ्यावरून खाली काढायची. धाकटा दुपारी झोपतो तो दीड तास मोठ्याच्या खेळाचा, दार लावून. आणि पूर्ण झालेला देखावा ठेवण्यासाठी धाकट्याचा हात पोहोचणार नाही अशी, पण मोठ्याला स्वतःला काढता-ठेवता येईल अशी एक फळी.

या फळीविषयी तुम्हालाही सांगावेसे वाटते. मुलाने घडवलेली वस्तू दर्शनी जागी ठेवणे म्हणजे त्याच्या श्रमांना घरात मान देणे होय. पण काही घरांत ती काचेच्या कपाटात जाते, कुलूप लागते आणि पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरते. मुलाला पूल मोडून उद्या बोगदा करायचा असेल, तर तो करू द्यावा. हवा तर आधी एक फोटो काढून ठेवा. उघड्या फळीवर धूळ बसते, म्हणून ठोकळे अधूनमधून सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत, बॅटरीचे भाग वगळून. दमा असलेल्या मुलाला धूळ झटकायला लावू नये.

तीन आठवड्यांनी आईमुलगा पुन्हा आले. पोटदुखी पूर्ण थांबली नव्हती. आठवड्यातून एखाददा होत होती. असे दुखणे एका दिवसात जात नाही, हे मी आईला आधीच सांगितले होते. मुलाने दप्तरातून लाल जीप काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिची तीन चाके सारखी होती, चौथे मोठे आणि राखाडी. जुने चाक मीच दवाखान्याच्या कचऱ्यात टाकले होते. जीप एका बाजूला कलली होती.

"हे चाक वेगळं कसं?" मी विचारले.

"पूल ओलांडताना पंक्चर झाली," तो म्हणाला, "मग त्यांनी तिथं जे मिळालं ते लावलं."

पुढे ते दोघे गुहेपर्यंत कसे पोहोचले, हे त्याने मला सविस्तर सांगितले. बाहेर रुग्ण ताटकळत होते. तरीही मी ते शेवटपर्यंत ऐकले.