बॅटरी हलली, जबाबदारी कोणाची?

मोटारसायकलची बॅटरी मूळ जागेवरून काढून दुसरीकडे बसवणे, ही वरकरणी एखाद्या हौशी तरुणाची खासगी बाब वाटते. सीटखालची किंवा बाजूच्या झाकणामागची बॅटरीची पेटी काढून टाकली की चॅसिसचा मधला त्रिकोण मोकळा होतो आणि चारचौघांसारखी दिसणारी गाडी ‘कॅफे रेसर’ किंवा ‘बॉबर’ म्हणून मिरवू लागते. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’सारख्या कार्यशाळांनी दुचाकींना नवे रूप देण्याच्या या कामाला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र कार्यशाळेत कुशल हातांनी होणारे हेच काम जेव्हा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, रविवारच्या सुटीत, दोन पाने आणि एक टेस्टर घेऊन केले जाते, तेव्हा तो केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

बदलापूर पश्चिमेतील हेंद्रेपाडा हे या प्रश्नाकडे पाहण्यासाठी योग्य ठिकाण आहे. २००१च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबई-ठाण्याकडे नोकरीला जाणाऱ्या या वस्तीत घर ते रेल्वे स्थानक हे अंतर कापणारी दुचाकी ही चैन नसून गरज आहे. शेजारच्या उल्हासनगरच्या बाजारात स्वस्त सुट्या भागांची वानवा नाही आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे वेल्डिंग जाणणारे हातही शोधावे लागत नाहीत. हौस भागवण्याची सामग्री हाताशी आहे. उणीव आहे ती मार्गदर्शनाची.

जागेमागचे गणित

बॅटरी कोठे बसवायची, हे कंपनीचा अभियंता केवळ रिकामी जागा पाहून ठरवत नाही. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी क्षमतेनुसार साधारण तीन ते पाच किलो वजनाची असते. ती इंजिन आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर, धक्के कमी बसतील आणि पाणी उडणार नाही अशा ठिकाणी ठेवावी लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. पाणी घालावे लागणारी जुन्या धाटणीची बॅटरी आडवी बसवली तर तिच्यातील गंधकाम्ल बाहेर येते. चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे सुबक दिसावी म्हणून चहूबाजूंनी बंद केलेली पत्र्याची पेटी स्फोटाला निमंत्रण ठरू शकते. सीलबंद बॅटरीत हा धोका बराच कमी असला, तरी रेग्युलेटर बिघडून जादा चार्जिंग झाल्यास तिच्यातूनही वायू बाहेर पडतो.

याहून महत्त्वाची बाब केबलची. बॅटरी हलवली की केबल लांबवावी लागते आणि बहुतेक चुका येथेच होतात. समजा, स्टार्टरने सुरुवातीला ८० अँपिअर प्रवाह ओढला आणि वाढीव अर्धा मीटर जोडासाठी घरातली दीड चौरस मिलिमीटरची तार वापरली. त्या अर्ध्या मीटरमध्येच जवळपास अर्धा व्होल्ट वाया जातो आणि तेवढ्याशा तारेत ३५ वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. गाडी सकाळी सुरू होत नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते आणि तार अधिकच तापते.

अनेकांना वाटते की असे काही झाले तर फ्यूज उडेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. बहुतेक दुचाकींत मुख्य फ्यूज उर्वरित वायरिंगचे रक्षण करतो. बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल फ्यूजविनाच असते. मूळ रचनेत ती आखूड आणि सुरक्षित मार्गाने नेलेली असल्याने ते खपून जाते. हीच केबल लांबवून चॅसिसच्या कडेवरून नेली आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तिचे आवरण घासून गेले, तर प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो. अशा वेळी तिला थांबवणारे काहीही वाटेत नसते आणि पेट्रोलची टाकी वीतभर अंतरावर असते.

हेंद्रेपाड्याचे पाणी

हौशी फेरबदलात बॅटरीची नवी जागा बहुतेकदा गिअरबॉक्सच्या मागे, मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या तोंडाशी निवडली जाते. तेथे ती नजरेआड राहते. परंतु सीटखाली जमिनीपासून सुमारे दोन फुटांवर असलेली बॅटरी त्यामुळे जेमतेम फुटभर उंचीवर येते. एरवी हा तपशील किरकोळ ठरला असता. उल्हास नदीच्या पुराचा अनुभव असलेल्या हेंद्रेपाड्यात तो किरकोळ नाही. २६ जुलै २००५च्या महापुराने बदलापूरला तडाखा दिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. जुलै २०२१मध्ये उल्हास नदीने पुन्हा पात्र सोडले. अशा वेळी पाणी सर्वप्रथम शिरते ते तळमजल्यावरील पार्किंगमध्ये. दोन फूट पाण्याची वाट पाहणारी बॅटरी आणि फुटभर पाण्यातच बुडणारी बॅटरी, यांतला फरक मालकाला दुरुस्तीच्या बिलातून कळतो.

पूर्वी मॅग्नेटोवर ठिणगी पडणाऱ्या गाड्या बॅटरी निकामी झाली तरी किक मारून चालत असत. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ निकष लागू झाले आणि इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा जवळपास सर्वच मोटारसायकलींत आला. आता पुरेसा विद्युतदाब नसेल तर इंधनपंप आणि नियंत्रण यंत्रणा काम करत नाहीत. अनेक नव्या गाड्यांना किकही उरलेली नाही. जुन्या बुलेटवर शिकलेली कारागिरी नव्या गाडीवर तशीच वापरणे म्हणूनच धोक्याचे.

कायद्याची संदिग्धता

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही. वाहनाच्या रचनेतील ज्या बदलामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते, तो ‘फेरबदल’ अशी कायद्याची व्याख्या आहे. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता बॅटरीचे काय? नोंदणी पुस्तिकेत इंजिन व चॅसिस क्रमांक असतात, बॅटरीची जागा नसते. केवळ पेटी हलवली तर प्रमाणपत्रात विसंगती निर्माण होत नाही, असा युक्तिवाद शक्य आहे. परंतु त्यासाठी चॅसिसचा तुकडा कापला किंवा नवा डागला, की रचना बदलली असे म्हणण्यास वाव मिळतो. रेषा नेमकी कोठे, हे सामान्य मालकाला सांगणारी सोपी व्यवस्था नाही. उत्पादकाला नवे मॉडेल पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. सीएनजी संच बसवणे किंवा अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेणे यासाठी कायद्यात मार्ग आहे. एकट्या मालकाने केलेला लहान बदल तपासून ‘हा सुरक्षित आहे’ असे सांगणारी परवडणारी सोय मात्र नाही. जर्मनीत असा बदल मान्यताप्राप्त तपासनिसाकडून तपासून कागदपत्रांत नोंदवता येतो.

परिणामी ज्याने काम नीट केले तोही लपवतो आणि ज्याने निष्काळजीपणे केले तोही. दोघेही विमा कंपनीला बदल कळवत नाहीत. पुढे आग लागली तर न कळवलेल्या फेरबदलाकडे बोट दाखवून दावा अडू शकतो आणि त्याच पार्किंगमधील शेजाऱ्याच्या गाडीचे नुकसान हा नवा वाद उभा राहतो.

मध्यम मार्ग हवा

सरसकट बंदीने ही हौस थांबलेली नाही, ती केवळ अंधारात गेली आहे. चॅसिसला धक्का न लावणारे बदल कोणते, केबलची जाडी, फ्यूजची जागा, वायू बाहेर जाण्याची सोय आणि जमिनीपासूनची किमान उंची किती असावी, याचे दोन पानी निकष परिवहन विभागाला मराठीत प्रसिद्ध करता येतील. कल्याणच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात ठरावीक शुल्कात अशी तपासणी सुरू करणे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ऑटो इलेक्ट्रिशियनांना अल्पमुदतीचे प्रशिक्षण देणे, हे फार खर्चिक काम नव्हे.

तोवर जबाबदारी मालकाचीच आहे. काम करताना ऋण टोक आधी सोडावे आणि शेवटी जोडावे, केबल स्टार्टरच्या दर्जाचीच घ्यावी, ती जेथे चॅसिसला टेकते तेथे रबरी आवरण द्यावे आणि जुनी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत करावी. आणि हेंद्रेपाड्यासारख्या सखल भागात राहणाऱ्याने बॅटरी खाली नेण्यापूर्वी मागच्या पुरात पार्किंगच्या भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ एकदा मोजून घ्यावी.