पंचेचाळिशीतला बायोडाटा

मंडळी, रोजगाराचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे पुढारी "तरुणांच्या हाताला काम" एवढंच बोलतात. बोलायलाच पाहिजे. पण पंचेचाळिशीत ज्याच्या हातातलं काम गेलं त्याचं काय?

2024 ला राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिन्याला 10 हजार विद्यावेतन, वयाची अट 18 ते 35. सरकारी भरतीत खुल्या वर्गाला साधारण 38, मागासवर्गीयांना 43. खासगीत अट लिहिलेली नसते, पण जन्मसाल सांगितलं की समोरचा आवाज बदलतो. पीएफची पेन्शन 58 ला. कमी करून घ्यायची म्हटलं तरी 50 पूर्ण पाहिजेत. म्हणजे मधली दहा-बारा वर्षं माणूस कुणाच्याच हिशेबात नाही.

भवानीनगर परिसरातले माझ्या ओळखीचे एक जण. वय 47, बी.कॉम., एका कंपनीत 19 वर्षं अकाउंट्सला. शेवटी पद मॅनेजरचं मिळालं, आणि तेच नडलं. व्यवस्थापकाचं काम करणारा कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' नसतो. त्यामुळं कपातीत ना युनियन, ना कामगार कायद्यातली भरपाई. आठ महिने झाले, शेजाऱ्यांना 'वर्क फ्रॉम होम' सांगतात.

लोक म्हणतात, "शेती आहे की!" आहे ना, दीड एकर ऊस. पण उसाचं बिल येईल तेव्हा येतं, घराचा हप्ता मात्र दर महिन्याला. पोरगी बारावीला आहे ते वेगळंच.

आणि या वयाची माणसं नवीन शिकत नाहीत म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा व्हॅट-एक्साइजची खाती रात्र-रात्र बसून नव्या पद्धतीत कुणी बसवली? याच माणसांनी.

2 मार्च 2024 ला बारामतीत नमो महारोजगार मेळावा झाला, अख्खं मंत्रिमंडळ मंचावर असल्यासारखं वाटत होतं. पुढच्या मेळाव्यात चाळिशीपुढच्यांसाठी एक टेबल वेगळं ठेवा, एवढंच मागणं आहे. आपल्या पतसंस्था, दूध संस्था, शाळा-कॉलेजं यांनाही अनुभवी हिशेबनीस लागतोच की. अर्धवेळ का होईना, घ्या.

बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणाकडे अकाउंट्सची जागा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. त्यांचा बायोडाटा माझ्याकडे आहे, लगेच पाठवतो. नाव मात्र कमेंटमध्ये विचारू नका.