भाव खरंच मार्केट ठरवतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेच्या ५० टक्के टॅरिफमुळे अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा, हा हेतू. पण नेमका त्याच काळात विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बाजारात येतो. तुमच्या वर्गात कापूसवाल्या घरातलं कुणी असेल तर विचारून बघा, या बातमीने घरी काय चर्चा झाली ते.

‘मार्केट आहे भाऊ, भाव मार्केटच ठरवतं,’ हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेल. जरा मागे जाऊन बघू.

१८५३ मध्ये थकलेल्या देण्यापोटी कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड प्रांत ताब्यात घेतला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या भारताकडे वळल्या. भाव कडाडले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. पुढे १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क लागलं, तेव्हा लँकेशायरच्या दबावामुळे देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसला. तो उठायला १९२५ उजाडलं.

म्हणूनच सोशल थिअरीतला तो जुना वाद कोरडा नाही. लेनिनच्या मते साम्राज्यवाद ही भांडवलशाहीची शेवटची पायरी. रोझा लक्झेंबर्ग १९१३ मध्ये म्हणाली, भांडवलशाहीला बाहेरचा प्रदेश पहिल्यापासूनच लागतो, कच्च्या मालासाठी आणि गिऱ्हाइकासाठी. दादाभाई नौरोजींनी तर त्याआधीच भारतातून संपत्ती कशी वाहून जाते याचा हिशेब मांडला होता. वऱ्हाडच्या कापसाकडे पाहिलं की रोझाचं म्हणणं जास्त पटतं. तिथे बाजाराच्या आधी सत्ता पोहोचली होती.

मग २०२५ चा निर्णय म्हणजे नवा वसाहतवाद का? नाही, ते फार ढोबळ होईल. तेव्हा फायदा लँकेशायरचा होता. २०२५ मध्ये दिलासा देशातल्याच गिरण्यांना आणि तिथल्या कामगारांना होता. शिवाय सरकार आपण निवडलेलं आहे. पण एक गोष्ट तशीच राहिली आहे. भावामागे कुणाचा तरी निर्णय असतो, आणि त्याची किंमत बऱ्याचदा शेतात मोजली जाते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘मार्केट’ म्हणालं, तर एवढंच विचारा: शुल्क कुणी बदललं, कधी आणि कुणाच्या मागणीवरून?