मोहल्ला कमिटी आता गावात पण पायजे

आवणी आटोपली, पाऊसही बरा आहे. आज खता-औषधाचं नाही, जरा वेगळं लिहितो.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्यांना दंगलच आठवते, 1970 ची नायतर 1984 ची. पण 92-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हे कोणी सांगत नाही. मागावरचे अन्सारी उत्तरेतले, पद्मशाली तेलंगणातले, कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्यांचे, आपण आगरी-कोळी-कुणबी इथलेच. एवढी दाटी, तरी शांत. नशीब नव्हतं ते.

1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. आधीच्या शांतता कमिटीत पुढारी बसायचे, तेही सणाच्या तोंडावर. खोपडेंनी साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची, आणि साध्या हवालदाराला त्यांच्यात बसवलं. बैठका वर्षभर. मग अफवा आली तरी खरं-खोटं विचारायला ओळखीचं माणूस असतं. करपा शेतभर पसरल्यावर पंप घेऊन धावणारा आणि आठवड्याला बांधावरून फिरणारा, यांच्यात जो फरक तोच हा.

2006 ला मात्र पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भडका उडाला, दोन पोलीस मारले गेले. साहेब बदलला की कमिटी कागदावर राहते, असं माझं मत.

आता आपल्याकडं बघा. माणकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, भातखाचरांवर गोदामं झाली. बिहार, यूपी, ओडिशाची पोरं आपल्याच चाळीत राहतात. भाडं घेतो, पण नाव कोणाला माहीत नाय. बहुतेकांचं नाव इथल्या मतदार यादीत नाही, म्हणून पुढाऱ्यालाही त्यांची गरज नाही. आपली ग्रामसभा तरी कुठं भरते? वर्षात चार घ्यायला कायदा सांगतो, कोरम नाही म्हणून तहकूब होतात.

काही जण म्हणतील, आपणच गावात कमी झालो, यांना कशाला बसवायचं? अहो, मत द्या म्हणत नाय. मताचं काय ते कायदा बघेल. महिन्यातून एकदा चाळमालक, गोदामाचा मुकादम, दोन-चार भाडेकरू, पोलीस पाटील आणि बीटचा हवालदार एकत्र बसूदेत. पाणी, कचरा, रात्रीची भांडणं, एवढाच विषय पुरे. बायकांना पण बोलवा, चाळीतलं खरं त्यांनाच ठाऊक असतं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर अर्ज आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं द्या आणि पोच घ्या.